सिक लीव्हवर आलेल्या जवानाचा पाय: वाचकांचे प्रश्न

या वेळी सोलापूर जिल्ह्यातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावर आहेत. पायाला गंभीर दुखापत झालेला जवान लष्करी रुग्णालयातून काही आठवड्यांच्या सिक लीव्हवर घरी आला आहे, आता पुढे काय करायचं? हाड बसवणं आणि जखम झाकणं ही कामं सर्जन करून देतो. त्यानंतर तो पाय कितपत चालेल, हे घरातल्या पलंगावर, न्हाणीत आणि अंगणात ठरतं. म्हणून अस्थिरोग, फिजिओथेरपी आणि कृत्रिम अवयव या तिन्ही कामांतल्या आम्ही मंडळींनी मिळून ही उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत. तुमच्या सर्जनने काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. एक्स-रे त्यांनी पाहिला आहे, आम्ही नाही.

प्रश्न (मोहोळ तालुका): स्प्लिंटर (स्फोटात उडालेला तुकडा) लागून माझ्या मिस्टरांच्या डाव्या नडगीचे तुकडे झाले. आत रॉड आहे, पोटरीचं मांस फिरवून जखम झाकली आहे. दीड महिना झाला. पाय सुजतो म्हणून सासूबाई गुडघ्याखाली उशी देतात. आता गुडघा सरळ होत नाही आणि पाऊलही खाली लोंबतं. पाय टेकवून चालू द्यायचं का?

उत्तर: ताई, गुडघ्याखालची उशी आजच काढा. वाकलेल्या गुडघ्याला बरं वाटतं, म्हणून सासूबाई मायेनं ती देतात. पण गुडघ्यामागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण त्याच स्थितीत आखडत जातं. गुडघा दहा अंशांनी जरी कमी सरळ झाला, तरी तो पाय चालताना आखूड पडतो, मांडीचा पुढचा स्नायू सतत ओढलेला राहतो, आणि हाड उत्तम जुळूनही माणूस लंगडतो. गुडघा वाकवणं पुढे कधीही वाढवता येतं. हातचं गेलेलं सरळपण परत मिळवायला मात्र फार कष्ट पडतात. म्हणून आधी सरळ करणं, मग वाकवणं.

सुजेसाठी पाय उंच हवाच. उशा घोट्याजवळ, टाचेच्या थोड्या वर द्या, म्हणजे टाच छातीपेक्षा वर राहील आणि गुडघा ताठ राहील. मांस फिरवून लावलेल्या जागेवर उशीचा किंवा पट्टीचा दाब येता कामा नये. ती जागा रोज उजेडात पाहा. ती निळी-काळी किंवा एकदम पांढरी पडली, गार लागली किंवा तिला वास येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता व्यायाम. घरातला जाड टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळून साधारण चार इंचांची वळकटी करा आणि ती टाचेखाली ठेवा. गुडघा अधांतरी राहील आणि स्वतःच्या वजनानं खाली येईल. सुरुवातीला पाच मिनिटं, आठवड्याभरात दहा, दिवसातून पाच-सहा वेळा. त्याच स्थितीत मांडीचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर ओढायची, पाच सेकंद धरायची आणि सोडायची, असं दहा वेळा. मग तोच टॉवेल तळपायाच्या पुढच्या भागाखालून घेऊन, गुडघा ताठ ठेवून, पाऊल स्वतःकडे ओढायचं. तीस सेकंद, पाच वेळा. वाकवण्यासाठी टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घ्या, म्हणजे चादरीवर टाच अडखळत नाही, आणि टाच हळूहळू कुल्ल्याकडे सरकवा. व्यायामात ताण लागणारच. अर्ध्या तासात तो शमला तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला दिसला, तर जोर जास्त झाला.

मोजमापासाठी एवढं लक्षात ठेवा: सपाट जागी चालायला गुडघा साधारण ६० ते ६५ अंश वाकावा लागतो, जिन्याला आणि खुर्चीतून उठायला ९० अंशांच्या आसपास, उकिडवं बसायला १३० च्या घरात. म्हणजे भारतीय बैठकीचा संडास ही शेवटची पायरी. तोपर्यंत कमोडची खुर्ची आणा. ती भाड्यानंही मिळते.

पाऊल लोंबण्याची दोन कारणं असतात. एक, नुसतं आखडणं. दुसरं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं जाणाऱ्या नसेला इजा. त्यांना पायाचा अंगठा वर उचलायला सांगा. अंगठा हलतच नसेल किंवा पावलाच्या वरच्या भागाला स्पर्श कळत नसेल, तर नसेची तपासणी हवी. नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे वाट महिन्यांच्या हिशेबानं पाहावी लागते. दरम्यान पाऊल काटकोनात धरणारा स्प्लिंट वापरा. तो नसेल तर टाचेचा स्नायू आखडतो, आणि नस बरी झाली तरी पाऊल वर येत नाही.

टेकवायचं की नाही, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ‘एनडब्ल्यूबी’ म्हणजे अजिबात वजन नाही, ‘पीडब्ल्यूबी’ म्हणजे ठरावीक वजन, ‘एफडब्ल्यूबी’ म्हणजे पूर्ण. ठरावीक वजन नुसत्या अंदाजानं कुणालाच जमत नाही. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्याच उंचीची फळी किंवा विटा चांगल्या पायाखाली घ्या, कुबड्यांवर उभं राहून दुखरा पाय काट्यावर टेकवा. वजन ७० किलो आणि परवानगी पाव भागाची असेल, तर काटा १७-१८ किलोवर थांबला पाहिजे. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा केलं की चार दिवसांत पायाला ते वजन पाठ होतं.

कुबडी आणि काख यांच्यात दोन-तीन बोटं अंतर हवं, मूठ धरल्यावर कोपर २०-३० अंश वाकलेलं हवं, वजन तळहातांवर हवं. काखेत लटकलं की हाताची नस दबते आणि मनगट पडतं. खालचं रबरी बूट झिजलं की लगेच बदला, ओल्या शहाबादी फरशीवर ते घसरतं. पुढे एकच काठी राहिली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. जवळजवळ सगळे ती उलट्या हातात धरतात.

प्रश्न (बार्शी): भावाच्या पायाचं पाच सेंटिमीटर हाड गेलं. रिंगा बसवल्या आहेत आणि नट फिरवायचं काम घरी आमच्यावर आहे. चुकलं तर? पिनांची स्वच्छता कशी ठेवायची? किती महिने?

उत्तर: दादा, याला इलिझारोव्ह पद्धत म्हणतात. पायाभोवतीच्या रिंगा पिनांनी हाडाला आणि दांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. हाड चांगल्या जागी कापून एक तुकडा रोज थोडा थोडा सरकवतात, आणि मागे पडणाऱ्या फटीत नवं हाड तयार होतं. शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवडा-दहा दिवस काहीच फिरवायचं नसतं. मग वेग दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, चार भागांत. दांड्यांच्या आट्यांचं अंतर एक मिलिमीटर असतं, म्हणून नटाचा पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री झोपताना, अशा वेळा ठरवा.

सर्जनकडून निघण्यापूर्वी कोणती रिंग सरकायची आहे आणि कुठल्या दिशेनं, हे त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा. सरकणाऱ्या रिंगेच्या दोन्ही बाजूंना नट असतात. ज्या दिशेला जायचं त्या बाजूचा नट आधी पाव फेरा सैल करायचा, मग मागचा तेवढाच घट्ट करायचा. पाना बहुधा १० नंबरचा लागतो. प्रत्येक नटाच्या एका कडेला नेलपॉलिशचा ठिपका द्या, म्हणजे पाव फेरा डोळ्यांना दिसतो. त्या रिंगेच्या सगळ्या दांड्यांवर सारखंच फिरवायचं. एक दांडी राहिली की हाड तिरकं जातं. भिंतीवर कागद लावून प्रत्येक वेळी खूण करा आणि शक्यतो एकाच माणसाकडे हे काम ठेवा. दोघांनी फिरवलं की कधी दुप्पट होतं, कधी होतच नाही.

एखादी पाळी चुकली, तर पुढच्या वेळी दोन पाळ्या एकत्र करू नका. फार वेगानं ओढलं तर फटीत हाडच धरत नाही आणि नसा ताणतात. फार हळू झालं तर नवं हाड वेळेआधी घट्ट होऊन तुकडा सरकणं थांबतं. नट अचानक जड लागायला लागला, तर हेच झालेलं असू शकतं. जोर लावू नका, फोन करा. बोटांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा आला, तर फिरवणं थांबवा आणि त्याच दिवशी सर्जनला कळवा.

पिनांसाठी मेडिकलमधली निर्जंतुक सलाईन आणि गॉजचे तुकडे वापरा. कापूस नको, त्याचे धागे पिनेला गुंडाळले जातात. हात साबणानं धुऊन प्रत्येक पिनेला वेगळा गॉज घ्या. त्वचेपासून सुरुवात करून पिनेवर बाहेरच्या दिशेनं पुसा. किती दिवसांनी करायचं आणि खपली काढायची की ठेवायची, याबाबत रुग्णालयांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. तुम्हाला जी शिकवली तीच धरा, पण नखानं टोकरू नका. हळद, तेल, पावडर यांतलं काहीही लावायचं नाही. थोडा पाण्यासारखा स्राव चालतो. लाली पसरली, पू आला, पिनेपाशी टोचू लागलं किंवा पिन हलू लागली, तर औषध लवकर सुरू करावं लागतं. आंघोळीची परवानगी मिळाली तरी विहीर, कालवा आणि शेततळं वर्ज्य.

मुदतीबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण घरच्यांचा धीर इथेच सुटतो. पाच सेंटिमीटर म्हणजे ५० दिवसांत तुकडा पलीकडे पोचेल. पण नवं हाड मऊ असतं. रिंगा काढण्याइतकं घट्ट व्हायला, एकूण धरून, दर सेंटिमीटरमागे साधारण दीड ते दोन महिने लागतात. म्हणजे साडेसात ते दहा महिने. तुकडा जिथे भिडतो तिथे कधी कधी कमरेचं हाड घेऊन भर घालावी लागते. ते आधीपासून धरून चालायचं, ऑपरेशन बिघडलं असा त्याचा अर्थ नाही. बहुतेकांना रिंगा असताना चालायलाच सांगतात, कारण वजन पडलं की नवं हाड पक्कं होतं. पाऊल मात्र पट्ट्यानं काटकोनात बांधलेलं ठेवा. ओढ लागली की टाच वर जाते. कपड्यांसाठी शिंप्याकडून पायजम्याची बाहेरची शिवण कमरेपर्यंत उसवून तिथे वेल्क्रो लावून घ्या.

प्रश्न (मंगळवेढा): मुलाचं हाड जुळायला खायला काय द्यावं? तो तंबाखू सोडत नाही.

उत्तर: काकू, आधी तंबाखू. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड व फिरवलेलं मांस दोन्ही रक्तावर जगतात. ओढली काय, मळून खाल्ली काय, मिसरी लावली काय, निकोटिन तेच. हाड न जुळण्याचा आणि जखम चिघळण्याचा धोका यानं नक्की वाढतो. या एका गोष्टीत आम्ही सवलत देत नाही.

जेवणात पहिला हिशेब प्रथिनांचा. एवढ्या मोठ्या जखमेनंतर दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ते १०५ ग्रॅम. तुमच्याकडच्या ज्वारीच्या ८० ग्रॅम पिठाच्या तीन भाकरी साधारण २४ ग्रॅम देतात. दोन वाट्या घट्ट वरण १३, चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, आणि ५० ग्रॅम शेंगदाणे चटणीतून किंवा कुटातून १२. बेरीज ८९. अंडी चालत नसतील तर ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि ६० ग्रॅम पनीर घ्या. जोडीला लिंबू, पेरू, आवळा. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्या आणि कमी असेल तरच डॉक्टर सांगतील तेवढं द्या. पायाचं सूप द्यायला हरकत नाही, पण त्यात प्रथिनं थोडीच असतात. त्यावर विसंबू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर वरचा हिशेब डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

प्रश्न (अक्कलकोट): मी स्वतः जवान आहे. सुरुंगात उजवा पाय गुडघ्याखाली गेला. टाके निघाले. पट्टी बांधतो ती दोन तासांत सुटते. आणि रात्री नसलेल्या पायाची बोटं कुणीतरी पिळतंय असं वाटतं. हे मनाचे खेळ आहेत का?

उत्तर: नाहीत. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जागा शिल्लक असते, आणि कापलेल्या नसांची टोकंही संदेश पाठवत राहतात. ही वेदना खरी आहे, तिच्यावर उपचार आहेत, आणि डॉक्टरांना ती सांगायला संकोच करू नका. गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनसारखी औषधं असतात, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची आणि अचानक बंद करायची नाही.

घरी करण्यासारखा उपाय म्हणजे आरसा. साधारण चार फूट उंच आणि दीड फूट रुंद साधा आरसा दोन्ही पायांच्या मध्ये उभा धरा, असा की उरलेला पाय आरशामागे झाकला जाईल आणि चांगल्या पायाचं प्रतिबिंब त्याच्या जागी दिसेल. चांगल्या पायाची बोटं, घोटा सावकाश हलवा आणि दोन्ही पाय हलताहेत असं मनात धरा. रोज पंधरा मिनिटं, किमान चार आठवडे. अमेरिकेतल्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या सैनिकांवर हाच प्रयोग झाला आणि २००७ साली प्रसिद्ध झाला. आरसा वापरणाऱ्यांचं दुखणं कमी झालं होतं. सुरुवातीला काहींना रडू येतं किंवा गरगरतं. तसं झालं तर वेळ पाच मिनिटांवर आणा.

आता पट्टी. चार इंची क्रेप घ्या, दोन जोड, एक धुतला की दुसरा. सुरुवात स्टंपच्या (कापल्यावर उरलेल्या पायाच्या) पुढून, मग तिरकी टोकावरून मागे, पुन्हा तिरकी वर, अशी आठाच्या आकड्यात. टोकाला सर्वांत घट्ट, वर जाताना सैल. शेवटचे फेरे गुडघ्याच्या वर नेऊन अडकवा, वाटी उघडी ठेवा. तुमची पट्टी सुटते ती बहुधा वरपर्यंत न नेल्यामुळे. गोल गोल फेरे घेतले तर मधे आवळून टोक सुजतं, स्टंपचा डमरू होतो आणि मग त्यावर कुठलाच सॉकेट (कृत्रिम पायाचा, स्टंप आत बसतो तो पोकळ भाग) बसत नाही. धातूची क्लिप नको, चिकटपट्टी लावा. दर चार-सहा तासांनी सोडून त्वचा पाहा आणि पुन्हा बांधा. ठणकलं तर लगेच सोडा.

स्टंपखाली उशी नाही. पलंगाच्या कडेवरून गुडघा वाकवून लोंबकळत बसायचं नाही. दिवसातून दोन-तीन वेळा २० ते ३० मिनिटं पालथं झोपायचं, त्यामुळे खुबा आखडत नाही. रोज ठरावीक जागी शिवणाच्या टेपनं स्टंपचा घेर मोजून लिहा. एक-दोन आठवडे आकडा बदलला नाही, की माप घ्यायची वेळ झाली.

एक सावधगिरी. स्फोटात गेलेल्या पायात मांसामध्ये नवं हाड धरण्याचं प्रमाण जास्त असतं. एकाच जागी टणक लागलं, टोचलं, तर एक्स-रे काढा. बोटानं टिचकी मारल्यावर विजेसारखी कळ गेली, तर ती नसेची गाठ. दोन्हींत आधी सॉकेटला त्या जागी मोकळीक देऊन पाहतात, शस्त्रक्रिया नंतर.

प्रश्न (सोलापूर, विजापूर रोड): कृत्रिम पाय मिळून चार महिने झाले. उन्हाळ्यात लायनरमध्ये घाम साचतो, संध्याकाळी पाय सैल होतो, पुरळ उठतं. शेतात कसं जायचं?

उत्तर: सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये हे होणारच. लायनर म्हणजे स्टंपवर चढवायचं सिलिकॉनचं आवरण, आणि सिलिकॉनमधून हवा जात नाही. दर दोन-तीन तासांनी सावलीत बसून पाय काढा, लायनर आणि स्टंप दोन्ही कोरड्या सुती फडक्यानं पुसा, दहा मिनिटं वारा लागू द्या, मग घाला. पावडर टाकू नका. घामात तिचा लगदा होतो आणि तोच कातडी घासतो. घाम फारच असेल तर ॲल्युमिनियम क्लोराइड असलेलं घामरोधक डॉक्टरांना विचारून रात्री, कोरड्या आणि न फाटलेल्या त्वचेवर लावा, सकाळी धुवा. लायनर रोज रात्री सौम्य साबणानं धुऊन सावलीत वाळवा. दोन लायनर आलटून पालटून वापरता आले तर उत्तम. स्टंप सकाळी नाही, रात्री धुवा. ओली कातडी फुगते आणि लायनरला चिकटते.

संध्याकाळी सैल होतो कारण दिवसभरात स्टंप आकसतो. वाटीच्या खालच्या कडेला आणि स्टंपच्या टोकाला दुखू लागलं, तर पाय सॉकेटमध्ये खाली उतरतो आहे. स्टंपवर एक मोजा वाढवा. उलट पाय पूर्ण आतच जात नसेल, तर एक कमी करा. मोजे एक, तीन, पाच प्लायचे (प्लाय म्हणजे जाडीचं माप) मिळतात. खिशात एक-दोन ठेवा. १०-१२ प्लायच्या पुढे जावं लागलं, की मोजे पुरे, नवा सॉकेट हवा. पहिला सॉकेट वर्षाच्या आत बदलावा लागला तर तक्रार करू नका, तसंच होतं. पाय काढल्यावर दिसणारी लाली १५-२० मिनिटांत गेली पाहिजे. राहिली किंवा फोड आला, तर तो बरा होईपर्यंत कुबड्या. फोडावर पाय चढवून दोन दिवस वाचवणारा पुढे दोन महिने गमावतो.

चप्पल-बूट बदलताना टाचेची उंची तीच ठेवा. पाय एका ठरावीक उंचीवर जुळवलेला असतो. टाच उंच झाली की गुडघा पुढे ढकलला जातो, सपाट झाली की मागे ढकलला जातो. शेतासाठी वेगळा पाय असलेला बरा. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवला, तो अनवाणी चालणं, उकिडवं बसणं, चिखल-पाणी डोळ्यांसमोर ठेवूनच. काळ्या रानात आणि उसाच्या पाटावर तो महागड्या पायापेक्षा सोयीचा पडतो, असं आमचं मत आहे. जिना आणि बांध चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी.

प्रश्न (सांगोला): पायात छर्रे राहिले आहेत. काढावेत का? एमआरआय चालेल का?

उत्तर: बहुतेक छर्रे तसेच ठेवतात, कारण शोधताना चांगलं मांस जास्त फाटतं. सांध्यात असतील, रक्तवाहिनी किंवा नस दाबत असतील, पू होत असेल, तर काढतात. सांध्यातल्या द्रवात शिसं विरघळतं, म्हणून शिशाचा तुकडा तिथे ठेवत नाहीत. एमआरआय कधीही, शरीराच्या कुठल्याही भागाचा असो, आधी छर्ऱ्यांबद्दल सांगायचं आणि एक्स-रे दाखवायचा. लोखंडी तुकडा चुंबकानं हलू शकतो.

प्रश्न (सोलापूर शहर): दिराच्या तळपायाला स्पर्श कळत नाही. देवदर्शनाला अनवाणी गेलं तर चालेल?

उत्तर: उन्हाळ्यात दुपारी नाही. सिद्धेश्वर मंदिराच्या दगडी फरशीवर चांगल्या पायालाही चटका बसतो. बधिर पायाला फोड आल्यावरच कळतं. पहाटे जा, जाड मोजे घाला, आणि घरी आल्यावर आरसा खाली धरून तळवा पाहा. आंघोळीचं पाणी आधी कोपरानं तपासा. चपलेत पाय घालण्यापूर्वी हात फिरवून खडा-काटा नाही ना, ते बघा.

प्रश्न (करमाळा): मुलगा रात्री दचकून उठतो, बोलत नाही. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजानं तो पलंगाखाली गेला. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला न्यावं का?

उत्तर: काका, त्याला विचारून ठरवा. यात्रेतलं शोभेचं दारूकाम रात्री होतं. सकाळची किंवा दुपारची वेळ धरून, गर्दीच्या कडेनं, लगेच बाहेर पडता येईल असं जाता येतं. त्याला नको असेल तर आग्रह नको. फटाके कधी आणि कुठे वाजणार हे आधी सांगितलेलं असलं की दचकणं कमी होतं. झोपेतून उठवताना अंगाला हात लावू नका, लांबून नावानं हाक मारा. दारू पिऊन झोप आणण्याची सवय लागत असेल, तर तेही उपचाराचंच कारण समजा. महिन्याहून जास्त दिवस हे चाललं असेल, तर लष्करी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात दाखवा. पायाची तपासणी आणि ही तपासणी एकाच फेरीत होते. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येतं. मरणाची भाषा निघाली तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न (माढा): भाऊ पुन्हा ड्युटीवर जाऊ शकेल का? पुण्याला कृत्रिम पायासाठी जायचं आहे, सोबत काय न्यावं?

उत्तर: उपचार संपत आले की मेडिकल बोर्ड (लष्करी डॉक्टरांची समिती) कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, ठरवतं. सुरुवातीला ती तात्पुरती असते, ठरावीक आठवड्यांनी पुन्हा बोर्ड होतं. कायमची कमी कॅटेगरी मिळाली तरी बऱ्याच जणांना बसून करायच्या कामावर ठेवलं जातं. पाय गमावूनही पुढे गेलेले लोक सैन्यात आहेत: १९७१ च्या युद्धात पाय गेलेले इयान कार्डोझो पुढे पायदळाच्या बटालियनचे कमांडर झाले आणि मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. होकाटो सेमा यांनी २००२ साली सुरुंगात डावा पाय गमावला आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत कांस्यपदक मिळवलं. पुण्यात खडकीला लष्कराचं पॅरालिम्पिक प्रशिक्षण केंद्र आहे. भावाला खेळाची आवड असेल, तर युनिटमार्फत चौकशी करा.

कागद आत्ताच गोळा करा, कारण पेन्शनचा आधार तेच आहेत: दुखापतीचा अहवाल, ती कुठल्या कामावर असताना झाली याची युनिटनं केलेली नोंद, प्रत्येक रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, बोर्डाची प्रत. युद्धातल्या जखमेचं पेन्शन आणि साधं अपंगत्वाचं पेन्शन वेगळं असतं. नोंदीत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतली जखम) असं आहे की नाही, हे आधी पाहा. काही अडलं तर सोलापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. सुट्टीत अचानक बिघडलं, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर रक्ताची गुठळी असू शकते. जवळचं कुठलंही मोठं रुग्णालय गाठा आणि तिथूनच युनिटला व जवळच्या लष्करी रुग्णालयाला कळवा.

पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून हेच काम करतं. तिथे माप, प्लास्टरचा साचा, चाचणीचा सॉकेट, चालण्याचं प्रशिक्षण असे टप्पे असतात. एका फेरीत पाय मिळेल असं धरून जाऊ नका. सोबत दोन्ही पायांच्या बुटांचा पूर्ण जोड घ्या, तोच, जो पुढे रोज घालणार. हाफ पँट, स्टंपच्या घेराची वही, सगळे एक्स-रे आणि चालू औषधांची चिठ्ठी ठेवा. गाडीत कडेची सीट घ्या, गुडघा सरळ ठेवून बसा, तासाभरानं उठून कुबड्यांवर दोन पावलं चाला. आदल्या रात्रीही पट्टी घट्ट बांधलेली असू द्या. सुजलेल्या स्टंपचं माप घेतलं, तर सॉकेट पहिल्याच महिन्यात सैल होतो.